रविवारच्या तिसऱ्या आणि मुलांचा पहिला जीवाश्म

रविवारी तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके झाले की ताटात उरलेली कवचे फेकू नका, त्यांचा ठसा घेऊन मुलांसोबत प्लास्टरचा जीवाश्म बनवा. पाण्यात उकळून, ब्रशने घासून उन्हात वाळवा. वास गेला पाहिजे, नाहीतर धडा सुरू होण्याआधीच मुले नाक धरून पळतील. श्रावणात मासे नसतील तर काजूचे जून पान किंवा पावसाळ्यात कुंपणावर उगवणारा नेचाही चालतो.

बाकीचे साहित्य घरातलेच: चतुर्थीनंतर उरलेली चिकणमाती, खोबरेल तेल, श्रीखंडाचे रिकामे डबे आणि अर्धा किलो प्लास्टर ऑफ पॅरिस. गोव्यात पीओपीच्या मूर्तींना बंदी आहे, मग हे कसे चालते, असे मुले विचारतीलच. त्यांना खरे सांगा: आपण हे नदीत सोडणार नाही. उरलेले प्लास्टर सिंकमध्येही ओतायचे नाही. तिथेच घट्ट होऊन नळी तुंबते. डब्यात सुकू द्या आणि कचऱ्यात टाका.

माती मळून डब्याच्या तळाशी दोन बोटे जाड थर द्या. कवचाच्या बाहेरच्या बाजूला तेलाचे बोट फिरवा, तीच बाजू खाली करून दाबा आणि सरळ वर उचला. इथे मुले हमखास चुकतात. कवच पूर्ण आत रुतवतात आणि काढताना ठशाच्या कडा फाटतात. अर्धेच दाबायचे. पान असेल तर शिरा उठून दिसणारी खालची बाजू मातीवर टेकवा.

आता प्लास्टरची घाई करू नका, थांबा. या कृतीतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच आहे. मातीत फक्त खळगा उरला आहे, त्यात तिसरीवरच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या आहेत. विचारा, "आतला जीव कुठे गेला?" "आम्ही खाल्ला!" असे उत्तर येईल, आणि ते अगदी बरोबर आहे. समुद्रतळाशीही मऊ मांस असेच कोणीतरी खाते किंवा ते कुजते. कवच गाळाखाली गाडले जाते. वर थरावर थर साचतात, गाळाचा दगड होतो. पुढे कधी पाझरणारे पाणी कवचही विरघळवते आणि दगडात असाच खळगा राहतो. त्यात खनिजे भरली की कवचाची दगडी प्रतिकृती तयार होते. आपण खनिजांऐवजी प्लास्टर भरणार, एवढाच फरक. आणि वेळेचा: आपल्याला अर्धा तास लागतो, तिकडे लाखो वर्षे.

प्लास्टर मोठ्यांनीच कालवावे, तोंडाला रुमाल बांधून. एक वाटी पाण्यात दोन वाट्या पूड भुरभुरवत टाका (पाणी आधी, पूड नंतर), हलक्या हाताने ढवळा आणि लगेच ओता. डबा टेबलावर दोन-चार वेळा आपटला की बुडबुडे वर येतात. घट्ट होताना प्लास्टर तापते. मुलांना डबा बाहेरून चाचपू द्या, पण ओल्या प्लास्टरमध्ये हात अजिबात नको, चटका बसतो. अर्ध्या तासाने माती सोलून जुन्या टूथब्रशने धुवा. पावसाळ्यात पुरते वाळायला एक-दोन दिवस लागतात.

तयार जीवाश्म एका डब्यात वाळू, लाल माती, राख असे थर देत गाडा. दुसऱ्या मुलाने रंगाच्या ब्रशने ते हळूहळू उकरायचे आणि कोणता थर आधी पडला ते सांगायचे. सगळ्यात खालचा, हे मुले पटकन ओळखतात.

यानंतर मूल अंगणातला भोकाभोकाचा जांभा जीवाश्म समजून उचलून आणणार, हे नक्की. तो हातात घ्या, पण खोटे कौतुक नको. जांभा म्हणजे मूळ खडक जागच्या जागी झिजून, सडून बनलेला दगड. त्याखालचे गोव्याचे बहुतेक खडक फार जुने, उष्णतेने आणि दाबाने पार बदललेले, म्हणून इथे जीवाश्म विरळ. नकाशावर गुजरातमधले कच्छ दाखवा. तिथे गोल वळ्यांचे अमोनाइट (नामशेष समुद्री जीवांची दगड झालेली कवचे) सापडतात. तमिळनाडूतल्या अरियालूरला समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत, आणि गुजरातमधल्याच बालासिनोरजवळच्या रैयोलीत डायनासोरची हाडे आणि अंडी मिळाली आहेत. तिथल्या हाडांवरून ओळखलेल्या एका मांसाहारी डायनासोरला 2003 मध्ये 'राजासॉरस' हे नाव मिळाले.

एक गोष्ट मात्र गोव्यातच बघता येते. ओहोटीला खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावर जा. चिखलात बगळ्याची पावले आणि कुर्लीच्या पायांच्या रेघा दिसतील. जीव मागे राहिला नाही तरी असा माग दगडात टिकू शकतो आणि तोही जीवाश्मच. कोण कुठून आले, कुठे थांबले, कुठे उडाले, ते मुलांना वाचू द्या. भरती यायच्या आत मात्र परत फिरा.