काजूची वही आणि नेक्स: क्वेरी बिल्डर शिकताना

गोव्यात वाळपईला माझ्या मामाचा काजू बी खरेदीचा धंदा आहे. मार्चपासून केरी, होंडा, ठाणे, नगरगाव अशा आसपासच्या गावांतले बागायतदार पोती घेऊन येतात, वजन होतं आणि नाव, किलो, दर वहीत चढतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ती वही मी नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रोग्राममध्ये, उतरवायला घेतली. डेटाबेसशी बोलायची भाषा, एसक्यूएल, येत होती, म्हणून क्वेरी (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) मजकुराला मजकूर जोडून लिहिल्या. चार दिवस सगळं चाललं. पाचव्या दिवशी डिसोझा आडनावाचे बागायतदार आले आणि प्रोग्राम बंद पडला.

नावं आम्ही रोमन लिपीत लिहीत होतो, आणि तिथे या आडनावात 'डी'नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते. एसक्यूएलमध्ये मजकूर नेमका त्याच चिन्हात बंद होतो. नाव 'डी'पाशीच संपलं असं डेटाबेसने धरलं आणि पुढचं 'सोझा' त्याला आज्ञेचा भाग वाटलं. नावाच्या जागी कुणी मुद्दाम खरीच आज्ञा लिहिली असती, तर? हे लक्षात आल्यावर मजकूर जोडणं मी त्याच दिवशी थांबवलं.

आज्ञा आणि तिच्यातली मूल्यं (नाव, किलो वगैरे) वेगळी पाठवायची सोय साध्या ड्रायव्हरमध्येही, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागातही, असते. पण मामाला गाव, तारीख आणि 'पैसे दिले का' या तिन्हींवर शोध हवा होता, कधी एकावर, कधी तिन्हींवर. म्हणजे आठ प्रकारच्या क्वेरी. इथे क्वेरी बिल्डर, म्हणजे तुकडे जोडत क्वेरी बांधून देणारी लायब्ररी, उपयोगी पडतो. मी नेक्स (Knex) घेतलं. जावास्क्रिप्टमध्ये ते बरंच रुळलेलं आहे आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट या तिन्ही डेटाबेसशी बोलतं. क्वेरीची सुरुवात करायची. गाव भरलं असेल तर एक व्हेअर, म्हणजे अट, जोडायचा, तारीख असेल तर दुसरा. 'अँड' कुठे घालायचा ते नेक्स बघतं आणि मूल्यं वेगळी पाठवतं. हाताने लिहिलेलं एसक्यूएल तसंच पाठवणारं रॉ वापरलंत तर मात्र मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मूल्य वेगळं देणं तुमच्याकडे.

सुरुवात एसक्यूलाइटवर करा. सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो, सर्व्हर लागत नाही. नेक्ससोबत ड्रायव्हर येत नाही, तो वेगळा घालावा लागतो. काम संपल्यावर जोडण्या बंद करणारं डिस्ट्रॉय म्हटलं नाही तर जोडण्या उघड्या राहून स्क्रिप्ट संपतच नाही असं होऊ शकतं.

माझे सगळ्यात जास्त तास खाल्ले ते अवेटने, म्हणजे काम होईपर्यंत थांबायला सांगणाऱ्या जावास्क्रिप्टच्या शब्दाने. नेक्सची क्वेरी लिहिली म्हणजे ती नुसती तयार होते. अवेट किंवा देन लावल्यावरच डेटाबेसकडे जाते. मी नवी ओळ घालणारं इन्सर्ट लिहिलं, कुठे एरर नाही, आणि टेबलात ओळही नाही! असं दिसलं की आधी अवेट शोधा.

दुसरी चूक मामाने पकडली. केरी आणि होंडा या दोन गावांची बाकी काढायची होती. मी लिहिलं:

नेक्स('खरेदी').व्हेअर('गाव', 'केरी').ऑरव्हेअर('गाव', 'होंडा').व्हेअर('पैसे_दिले', ०)

(कोडमध्ये नावं रोमनमध्येच असतात, इथे वाचायला सोपं म्हणून अशी लिहिली.) यादी मामाच्या हातात दिली. त्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि तिसऱ्या नावाशी थांबले. "बाय, ह्याला मी आदल्या सोमवारी पैसे दिले. वहीत सही आहे बघ."

एसक्यूएलमध्ये 'अँड' हा 'ऑर'च्या आधी बांधला जातो. त्यामुळे 'पैसे दिले नाहीत' ही अट फक्त होंडाला लागली आणि केरीची पैसे मिळालेली माणसंही यादीत आली. एकाच रकान्याचे पर्याय असतील तर पर्यायांची यादी घेणारं व्हेअरइन वापरा. रकाने वेगळे असतील तर 'ऑर'चा भाग व्हेअरला फंक्शन म्हणून द्या, नेक्स त्याला कंस घालतं. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या क्वेरीवर मी टूस्ट्रिंग लावून तयार झालेलं एसक्यूएल वाचते. ते फक्त वाचायला. चालवायची क्वेरी बिल्डरचीच. म्हणून एसक्यूएल न शिकता थेट बिल्डरकडे वळू नका. जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप-बाय (ओळींचे गट करणं) हाताने लिहिता येत नसतील, तर बिल्डरने केलेलं एसक्यूएल बरोबर की चूक हे कशावरून ओळखणार?

एकाच क्वेरीतून यादी आणि एकूण संख्या दोन्ही काढायची असेल, तर आधी क्लोन करा, म्हणजे क्वेरीची प्रत काढा. नेक्सची क्वेरी जागच्या जागी बदलते. ओळी मोजणारा काउंट जोडला की मूळ क्वेरीतही तो राहतो.

टेबलाच्या रचनेत बदल करायचे तर मायग्रेशन, म्हणजे तो बदल करणारी आणि मागे घेणारी फाइल, लिहा. दुसऱ्या हंगामात मामाला 'ओली बी' असा वेगळा रकाना हवा होता. अप फंक्शनमध्ये रकाना वाढवला, डाउनमध्ये काढला, आणि दुकानातल्या व घरच्या दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच आज्ञेत तो बसला.

ओळी पुसायच्या असतील तेव्हा मी आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट चालवते, आलेल्या ओळी मोजते आणि मगच सिलेक्टच्या जागी डेल लिहिते. व्हेअर राहून गेला तर डेल अख्खं टेबल रिकामं करतं. म्हणून त्याआधी डेटाबेसच्या फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर जाते, आणि तो पेनड्राइव्ह मामाच्या गल्ल्यात, वहीशेजारी असतो.