जुन्या लष्करी फोटोचा काळ ओळखायचा तर आधी पाठ बघा

अमेरिकी यादवी युद्धातल्या अधिकाऱ्यांचे पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे फोटो (साधारण अडीच बाय चार इंच) विकत घेताना नेमका काळ कळत नाही. फोटो उलटा करा. मागे महसुली तिकीट (रेव्हेन्यू स्टॅम्प) असेल, तर तो बहुधा १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ दरम्यान विकलेला. तेव्हा फोटोंवर कर होता. तिकिटावर फोटोवाल्याने पेनाने तारीख घातली असेल तर सोन्याहून पिवळं! मग भिंगातून चेहरा पाहा. शाईचे बारीक ठिपके दिसले की ती नंतरची छपाई, सोडून द्या.

एक लक्षात ठेवा: तारीख विक्रीची असते, फोटो त्याआधी काढलेला असू शकतो. आणि तिकीट चुकूनही उचकटू नका.