गुलमर्गला बर्फात जायचंय? तारखांपासून बुटांपर्यंतची आखणी

महाराष्ट्रातून हिवाळ्यात काश्मीरला जाणारी बहुतेक कुटुंबं आधी शाळेची नाताळची सुट्टी बघतात आणि मग तिकिटं काढतात. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात गुलमर्गला गर्दी आणि भाडी शिगेला पोचलेली असतात, बर्फाची मात्र शाश्वती नसते. कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांना काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलां’ म्हणतात. ते २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतात. पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. त्यासाठी पश्चिमेकडून ओलावा घेऊन येणारा पश्चिमी झंझावात लागतो. तो आला नाही, तर पारा शून्याखाली असूनही कुरणं कोरडीच राहतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत जवळपास कोरडं होतं. मग बर्फ आला आणि फेब्रुवारीच्या २१ ते २५ तारखांना तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही झाल्या.

म्हणून तारखा निवडायची मोकळीक असेल, तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ धरा. २६ जानेवारीच्या आधीचे दोन-तीन दिवस श्रीनगरमध्ये तपासण्या आणि रस्ते अडवणं वाढतं, त्यामुळे २७ नंतर पोचलेलं बरं. घरात दहावी-बारावीचं मूल असल्याने नाताळशिवाय पर्यायच नसेल, तर निदान गोंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढा. खाली गवत दिसत असलं, तरी हा टप्पा जिथे पोचतो त्या अफरवट डोंगराच्या उंचीवर बर्फ सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

रात्री कुठे किती

बर्फाच्या सहलीत एक मोकळा दिवस ठेवणं ही चैन नाही, गरज आहे. सहा रात्रींची मांडणी अशी करा: श्रीनगर १, गुलमर्ग ३, पुन्हा श्रीनगर २. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात गुलमर्ग बहुधा श्रीनगरहून जाऊन-येऊन एका दिवसात उरकलेलं असतं. उन्हाळ्यात ते चालतं. हिवाळ्यात त्या एका दिवशी वारा सुटला, की गोंडोला बंद. रात्री बर्फ पडला, की सकाळी खालच्या टंगमर्ग गावात गाड्यांची रांग. मग दुपारी एक वाजता वर पोचून तीन वाजता परत निघायचं, एवढंच हाती उरतं. तीन रात्री राहिलात, तर दोन पूर्ण दिवस मिळतात आणि त्यातला एक हवामानाने खाल्ला तरी दुसरा शिल्लक राहतो.

शेवटची रात्र मात्र श्रीनगरमध्येच हवी. दुपारचं विमान आहे म्हणून सकाळी गुलमर्गहून थेट विमानतळावर जाण्याचा बेत करू नका. अंतर ५० किलोमीटरच आहे आणि एरवी दीड-दोन तास लागतात, पण बर्फ पडल्यावर टंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे तेरा किलोमीटरच कितीही वेळ खातात.

जायचं कसं

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत, इतर शहरांतून बहुधा दिल्लीत विमान बदलावं लागतं. हिवाळ्यात श्रीनगरला सकाळी धुकं असतं, म्हणून दुपारी उतरणारं विमान घ्या. दिल्लीलाही त्याच दिवसांत धुकं असतं. त्यामुळे दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणावर काढा, म्हणजे पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी काढली, तर चुकलेल्या विमानाचे पैसे बुडतात.

रेल्वेचा पर्याय जून २०२५ पासून खऱ्या अर्थाने खुला झाला. कटरा ते श्रीनगर वंदे भारत साधारण तीन तासांत जाते आणि वाटेत नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल लागतो. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला किंवा मुंबईहून स्वराज एक्स्प्रेसने कटऱ्याला जाता येतं. लांबच्या गाड्या उशिरा पोचतात, म्हणून कटऱ्याला एक रात्र धरा. रामबन परिसरात दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो, तेव्हा या रेल्वेचं मोल कळतं. जम्मूहून रस्त्याने जाणं हिवाळ्यात टाळाच.

आरक्षणाचा क्रम

आधी विमान, लगेच गुलमर्गचं हॉटेल, मग गोंडोला आणि शेवटी श्रीनगरचं हॉटेल. गुलमर्गला खोल्या मोजक्या आहेत, श्रीनगरला भरपूर. गोंडोलाची तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरच मिळतात. ती नावावर असतात आणि ओळखपत्राशी ताडून बघतात, त्यामुळे टॅक्सीवाल्याने किंवा वाटेत भेटलेल्या कुणी ‘जुगाड करून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, दुसरा कोंगडोरी ते अफरवट. सकाळची वेळ घ्या, आणि तीही गुलमर्गमधल्या पहिल्या पूर्ण दिवसाची. वारा दुपारनंतर वाढतो आणि दुसरा टप्पा आधी बंद होतो.

हॉटेलवाल्याला फोनवर हे विचारा, आणि शक्यतो उत्तर लेखी मागवा:

- खोली गरम कशाने होते? सेंट्रल हीटिंग, विजेचा हीटर की बुखारी? ती रात्रभर चालते की अकरा वाजता बंद होते?
- अंथरुणात इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, आणि वीज गेल्यावर जनरेटर किती तास चालतो?
- गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी? नळ गोठतात का?
- बर्फ पडल्यावर गाडी दारापर्यंत येते, की सामान घेऊन चालावं लागतं?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. मग म्हाताऱ्या माणसांना घेऊन निसरड्या चढावर चाकांची बॅग ओढायची वेळ येते. चाकं ताज्या बर्फात रुततात. मोठ्या सुटकेसऐवजी पाठीवर घ्यायची किंवा खांद्याला लावायची बॅग न्या. जास्तीचं सामान श्रीनगरच्या हॉटेलात ठेवून जाता येतं, फक्त परतीची रात्र त्याच हॉटेलात धरा.

बुखारी म्हणजे लाकडं किंवा कोळसा जाळायची लोखंडी शेगडी. तिची ऊब फार सुखाची असते, पण धुराडं तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड खोलीतच साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं उंचीमुळे होणाऱ्या त्रासासारखीच असतात, म्हणून माणूस गोळी घेऊन पुन्हा झोपतो आणि तिथेच जिवावर बेतते. बुखारी, कांगडी (निखाऱ्यांची हातशेगडी) किंवा गॅसचा हीटर पेटलेला ठेवून बंद खोलीत झोपू नका. खिडकीची फट उघडी ठेवा. रात्री इलेक्ट्रिक ब्लँकेट पुरेसं होतं.

कपडे: काय न्यायचं, काय तिथे घ्यायचं

श्रीनगर समुद्रसपाटीपासून १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या उंचीवर. गुलमर्ग २,६५० मीटरवर आणि अफरवटचं स्थानक ३,९५० मीटरच्या आसपास. गुलमर्गला रात्री पारा उणे दहापर्यंत सहज उतरतो.

एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर चांगले. अंगाला चिकटून बसणारं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कपडा घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगाची ऊब झपाट्याने ओढून घेतो. माणशी थर्मलचे दोन जोड, लोकरी मोज्यांचे चार, हातमोज्यांचे दोन. हातमोज्यांचा एक जोड तरी जलरोधक हवा, कारण लोकरीचा हातमोजा बर्फाचा गोळा दोनदा उचलला की ओला होतो. लहान मुलांना बोटं वेगळी नसलेले मोजे घाला, त्यात हात जास्त गरम राहतो.

आजी-काकूंना साडीच नेसायची असते, तेव्हा आत लोकरी पायजमा घालून श्रीनगरमध्ये निभतं. गुलमर्गला मात्र घोळ बर्फात भिजतो आणि तासाभरात कडक होऊन पायात अडकतो. तिथे सलवार किंवा पँट, वर लांब कोट.

गमबूट आणि लांब कोट टंगमर्गला भाड्याने मिळतात. जाड जॅकेट पुन्हा कधी वापरलं जाणार नसेल, तर विकत घेऊ नका. भाड्याचा कोट मात्र बाह्या उलटून आतून कोरडा आहे का ते बघून घ्या, आणि बूट जाड मोजे घालूनच मापून बघा. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही, मग कितीही मोजे घातले तरी पाय गारच राहतात. या रबरी बुटांना ताज्या बर्फात पकड मिळते, पण सकाळी गोठलेल्या रस्त्यावर ते सरळ घसरतात. बुटावर चढवायचे लोखंडी दात्यांचे पट्टे घरूनच घेऊन जा. ते नसतील तर पावलं आखूड टाका, हात खिशाबाहेर ठेवा. मनगटाची आणि खुब्याची हाडं अशा काचेसारख्या रस्त्यांवरच मोडतात.

काळा चष्मा आणि सनस्क्रीन शोभेचे नाहीत. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा.

गुलमर्गमध्ये पोचल्यावर

बर्फ पडलेला असेल, तर टंगमर्गला पोलीस साध्या गाड्या थांबवतात. चाकांना साखळ्या असलेली किंवा चारही चाकांना जोर मिळणारी स्थानिक गाडी तिथून करावी लागते. श्रीनगरहून टॅक्सी ठरवतानाच विचारा: साखळ्या आहेत का, नसतील तर वरच्या गाडीचे पैसे कोण देणार? सगळ्यात जास्त वाद याच रकमेवरून होतात.

गाडीतळापासून गोंडोला साधारण एक किलोमीटर आहे. उतरल्याबरोबर वाटाडे, स्लेजवाले, घोडेवाले भोवती जमतात. गोंडोलासाठी वाटाड्या सक्तीचा नाही. स्लेजवर बसायचं असेल, तर कुठून कुठपर्यंत, किती वेळ आणि जाऊन-येऊन किती, हे बसण्यापूर्वी ठरवा. दर ठरवताना एवढं लक्षात असू द्या, की ही माणसं बर्फातून आपल्याला ओढत नेतात आणि त्यांची वर्षाची कमाई याच थोड्या आठवड्यांत होते. रक्कम आधी स्पष्ट झाली, की दोघांनाही मान राहतो.

बर्फ पडून आभाळ निवळलेली पहिली सकाळ सर्वात देखणी असते. पण नेमकी त्याच सकाळी वरच्या उतारांवर हिमस्खलनाची भीती जास्त असते, आणि उतार सुरक्षित आहेत असं ठरेपर्यंत दुसरा टप्पा सुरू होत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. कोंगडोरीला जा आणि वाट बघा. अफरवटला पोचल्यावर आखलेल्या जागेबाहेर, कितीही मऊ आणि मोकळा उतार दिसला तरी, जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर याच डोंगरावर हिमस्खलनात गेले.

स्कीइंग शिकायचं असेल, तर खालच्या सपाट उतारांवर दोन दिवस द्या. तासाभराच्या शिकवणीत फक्त पडायला आणि उठायला जमतं. पहिल्या दिवशी थांबायला आणि वळायला शिकेपर्यंत मांड्या भरून येतात. खरी मजा दुसऱ्या दिवशी येते. बूट नडगीला घट्ट पण बोटांना सैल हवेत, आणि शिकवणाऱ्याला तासाचे पैसे देता की दिवसाचे, हे आधी बोला.

तब्येत

अफरवटला श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो, आणि गोंडोला तिथे मिनिटांत पोचवते. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हृदयविकार, दमा किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं, आणि शंका असेल तर कोंगडोरीवरूनच परतावं. बाकीच्यांनीही वर अर्धा-पाऊण तासच थांबावं, पळू नये. डोकं दुखू लागलं की खाली उतरणं हाच उपाय. थंडीत तहान लागत नाही, म्हणून थर्मासमधलं कोमट पाणी ठरवून प्या. इन्सुलिन गोठलं तर निकामी होतं, ते आतल्या खिशात ठेवा.

बारीक पण नडणाऱ्या गोष्टी

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. कुटुंबात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. बर्फात नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं, म्हणून दोन दिवस पुरतील एवढी रोकड जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी थंडीत भरभर उतरते, तो शरीराजवळच्या खिशात ठेवा. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर दव धरतं.

उरलेल्या दिवसासाठी सोनमर्ग आता शक्य झालंय. जानेवारी २०२५ मध्ये साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही तिथे पोचता येतं, श्रीनगरपासून साधारण ८० किलोमीटर. पहलगाम त्याहून लांब, ९० किलोमीटर, आणि तिथे आरू-चंदनवाडीकडे स्थानिक युनियनचीच टॅक्सी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळ पर्यटकांवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर खोऱ्यातली बरीच ठिकाणं बंद करून टप्प्याटप्प्याने उघडली गेली, त्यामुळे कार्यक्रम पक्का करण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात, असं दोनदा विचारून घ्या. हाउसबोटीत एकच रात्र पुरे. रात्री बुखारी विझवल्यावर दल सरोवराचा गारठा फळ्यांमधून आत येतो.

परतीच्या दिवशी विमानाच्या किमान तीन तास आधी पोचा. श्रीनगर विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावरच सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात, आणि आत पुन्हा तपासणी होते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. विमान रद्द झालं तर विमान कंपनीच्या खिडकीवर पुढच्या दिवसाची जागा मागा, आणि घरून निघतानाच ऑफिसची रजा एका दिवसाने जास्त टाकून ठेवा.