रुतलेला ट्रॅक्टर काढताना चाकाला ओंडका बांधू नका

पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की कुणीतरी हमखास सुचवतं, मागच्या चाकांना लाकूड बांध, निघेल. हे करूच नका. लाकूड अडकून चाक फिरायचं थांबतं, पण इंजिनाचा जोर संपत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरतो, तोंड वर उचलतं आणि धूड चालकावर उलटं येतं. हे सगळं साधारण दीड सेकंदात घडतं, आणि त्यातल्या अर्ध्या वेळातच सावरण्याची संधी निघून जाते. क्लच दाबू म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी मागे घेऊन बघा. चाकापुढची माती फावड्याने काढा. तेवढ्यानं नाही भागलं तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. ओढणाऱ्याची साखळी खालच्या ड्रॉबारलाच (मागची ओढायची दांडी) लावा, टॉप लिंकच्या (अवजार जोडायचा वरचा दांडा) जागी किंवा आसाला कधीच नाही. ओढ जितकी उंचावरून, तितकं पुढचं तोंड लवकर उचलतं. क्लच हळू सोडा, माणसं लांब उभी करा. मडगार्डवर बसणारे पाहुणेसुद्धा.

नवा ट्रॅक्टर घेताना रोल बार मागा, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली होती. चौकट असेल तर सीटबेल्ट लावायचाच, नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन तिच्याचखाली सापडू शकतो. चौकट नसेल तर मात्र बेल्ट लावू नये. आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी डाव्या-उजव्या चाकांची वेगवेगळी असलेली दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडा.