रोज शुद्ध कोको पिताय? या चुका टाळा

छातीत धडधड, रात्री झोप नाही, घशाशी जळजळ. कोको सुरू केल्यावर या तक्रारी आल्या तर बहुतेक वेळा चूक डब्यात, मापात नाहीतर वेळेत असते.

आधी डबा. नागपुरात इतवारीत किंवा सीताबर्डीवर नुसतं ‘कोको’ मागितलं तर ड्रिंकिंग चॉकलेटही हातात पडू शकतं. त्यात बरीचशी साखरच असते. बेकरीवाल्यांची गडद, काळपट पावडरही यासाठी नको. अल्कलीच्या प्रक्रियेने तिचा कडवटपणा मरतो, पण ज्यांच्यासाठी आपण कोको पितो ते फ्लॅव्हेनॉलही मोठ्या प्रमाणात जातात. घटकांत 500 किंवा 501 हे अल्कलीचे आकडे दिसले, तर तो डबा केकला ठेवा. साधी पावडर फिकट तपकिरी असते आणि चवीला आंबूस-कडू लागते.

माप सपाट दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. एवढ्यात थिओब्रोमिन, म्हणजे कॅफिनच्याच जातीचं उत्तेजक द्रव्य, 100 मिलिग्रॅमच्या आसपास जातं, कॅफिन त्यामानाने किरकोळ. काही जण कोकोची वडी, म्हणजे कोकोच्या बिया दळून गोठवलेला गोळा, विरघळवून एका वेळी 40 ग्रॅम पितात. तिच्यात निम्मी चरबी असते, म्हणजे 20 ग्रॅम कोको बटर एका कपात! थिओब्रोमिनही कितीतरी पटींनी वाढतं. मग मळमळ, डोकेदुखी, धडधड. थिओब्रोमिन शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे झोप हलकी असेल तर दुपारी चारनंतर कप नकोच.

पावडर थेट दुधात टाकली की गुठळ्या तरंगतात. आधी ती दोन चमचेभर गरम पाण्यात घोटून लेप करा, मग उरलेलं पाणी किंवा दूध ओता.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. कोकोतली पॉलिफेनॉल जेवणातलं लोह अडवतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने लोहाची गोळी आणि कोको एकत्र घेतला, तर गोळी बरीचशी वाया. दोन तासांचं अंतर ठेवा, जेवणालाही तेच. आणि तर्री-पोह्यांवर लगेच कोको? ज्याला आधीच ॲसिडिटी आहे, त्याने हा जोडा जमवूच नये.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, मूतखडा होऊन गेलेल्यांनी जपावं. कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. घामाने लघवी घट्ट झाली की खड्याला आयतंच निमित्त मिळतं. अशांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावा. दम्यासाठी थिओफायलिन किंवा नैराश्यावर एमएओ-रोधक (MAOI) गटातली गोळी चालू असेल, तरी तेच.

फायदा आहे, पण बेताचा. रोज 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉलने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये मान्य केलं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र 21,000 हून अधिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉलच्या कॅप्सूल देऊनही हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस घट दिसली नाही. तेव्हा कोकोच्या भरवशावर बीपीची गोळी सोडू नका.

उन्हाळ्यात वडी वितळून पुन्हा घट्ट झाली की वर पांढरी झाक येते. ती चरबी असते, बुरशी नव्हे, खुशाल वापरा. कुबट वास आला तर मात्र फेका.