जड एक्सल टाकताय? आधी जुन्याचा बोअर मोजा

जॅक, घोड्या, चाकाखालचे ठोकळे यांचं मेस्त्री बघेल. गाडीमालकाचं काम एक्सल खोलायच्या आधीचं आहे. जुन्या मागच्या एक्सलवर ब्रेकचे शू ढकलणारा व्हील सिलिंडर असतो, त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजून वहीत लिहा. मग आणलेल्या जड एक्सलचा मोजा, मग पेडल ज्याला दाबतं त्या मास्टर सिलिंडरचा. आकडे तीनच, पण जुना एक्सल भंगारवाल्याच्या काट्यावर चढला की त्यातला एक कायमचा गेला.

हे हायड्रॉलिक ब्रेकच्या टेंपो-पिकअपबद्दल आहे. हवेच्या ब्रेकचं गणित वेगळं.

जुना सिलिंडर २२.२ मिलिमीटरचा आणि नवा २५.४ चा असेल तर फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. शू तेवढेच सरकवायला सुमारे ३० टक्के जास्त ब्रेक ऑइल लागतं. मास्टर मात्र जुनाच, तो एका पायात जुन्याइतकंच ढकलणार. मग पेडल फळीला टेकतं आणि गॅरेजात जो येईल तो म्हणतो, ‘उस्ताद, लाइनमध्ये हवा आहे.’ हवा काढायला ऑइलची बाटलीवर बाटली ओतली जाते. हवा केव्हाच निघून गेलेली असते. म्हणून म्हणतो, बोअर मोजा.

मोठा मास्टर टाकला की भागलं, असंही नाही. २५.४ चा काढून २८.६ चा बसवला तर पेडल वर येईल, टणक लागेल, मालक खूश. पण पायाचा जोर तोच ठेवला तर लाइनमधला दाब पाचव्या हिश्शाने कमी. गावात कळत नाही. सोयाबीन भरून मांजरसुंब्याचा घाट उतरताना कळतं. एक्सल ज्या गाडीचा आहे, तिचा मास्टर किती मापाचा आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर कुठला, हे एक्सल घेतानाच विचारा. विकणारा ‘सगळं सेम आहे’ म्हणेल. ऐकू नका, व्हर्निअर लावा.

पेडलला नुसतं ‘मऊ’ म्हणू नका. स्पंजासारखं दबत असेल तर हवा, नाहीतर फुगणारा जुना रबरी होज. खोल जाऊन तळाशी टणक होत असेल तर शू सैल आहेत किंवा बोअरचा घोळ. पाय दाबून धरल्यावर हळूहळू बसत असेल तर गळती, नाहीतर मास्टरचे वायसर, म्हणजे आतले रबरी सील, गेले. आणि बंद गाडीवर दोन-चारदा पंप करून, पाय ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जातं. तो बूस्टर काम करतोय, बिघाड नाही.

ऑइलला हात लावण्याआधी मागचे शू सेट करा. डरम चढावा म्हणून ते पूर्ण आत घेतलेले असतात आणि तसेच राहून जातात. चाक फिरवत अडजस्टर आवळा, चाक अडलं की थोडं मागे घ्या. दोन्ही बाजू सारख्या. तरीही पेडल खोलच? मग वहीतले बोअरचे आकडे काढा. लिहिलेत ना?

ऑइल रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, तेही सीलबंद. उघडी बाटली ओल धरते. वायसर आणि सिलिंडर डिझेलने धुणाऱ्याला थांबवा, रबर फुगतं. आपल्याकडे सर्रास धुतात.

मागच्या एक्सलला लोड व्हॉल्व्हची (मालाच्या भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या) दांडी असेल तर नव्या एक्सलवर तिची जागा चुकते. मग मागे ऑइलचा दाब पुरता जात नाही. चेसिस उचलून एक्सल लोंबकळत ठेवून हवा काढू नका, व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. जॅक एक्सलखालीच लावा.

पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर बदलले असतील तर हवा काढायचं निप्पल वरच्या अंगाला आहे का बघा. डावं-उजवं उलटलं तर निप्पल खाली जातं आणि हवा वर अडकते. नवा मास्टर असेल तर तो बाहेरच ऑइल भरून पंप करून घ्या.

हवा काढायला सहसा लांबच्या चाकापासून सुरुवात. रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका. पाइपचे जोड पुसून बघा. हँडब्रेक बघा.

कागदाचं एक: एक्सल जड झाला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओत आधी विचारा.

चाचणी रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर, हळू. मग अर्धा माल, मग पूर्ण. डरम हाताला चटका देतंय का बघा, देत असेल तर शू जास्त आवळलेले असू शकतात. भरून एक फेरी झाली की स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या.