स्नबर कपॅसिटर निवडताना या चुका टाळा

इन्व्हर्टरमधला आयजीबीटी (करंट झपाट्याने चालू-बंद करणारा पॉवर स्विच) उडाला की संशय आधी त्याला सिग्नल देणाऱ्या गेट ड्राइव्हरवर जातो. स्विचिंगच्या वेळचा व्होल्टेजचा झटका शोषणारा स्नबर कपॅसिटर संशयातून सुटतो, कारण तो बाहेरून धडधाकट दिसतो. माझ्या हाती आलेल्या एकावर ०.४७ मायक्रोफॅरड छापलं होतं, मीटरवर भरला ०.३१. ना फुगलेला, ना काळवंडलेला. मेटलाइज्ड फिल्मच्या कडांवर धातूचा फवारा मारून त्याला लीड जोडलेली असते. करंटचे धक्के खाऊन हा जोड हळूहळू सुटतो. म्हणून कपॅसिटर डिस्चार्ज करा, बाहेर काढा आणि मोजाच.

मूळ चूक खरेदीतच होते. मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळले की आपण निश्चिंत! डेटाशीटमधला डीव्ही/डीटीचा, म्हणजे व्होल्टेज किती वेगाने बदललेलं चालेल तो आकडा कोणी वाचत नाही. ०.१ मायक्रोफॅरडवर व्होल्टेज मायक्रोसेकंदाला १००० व्होल्टने चढलं, तर त्यातून १०० अँपिअर जातात, तेही प्रत्येक स्विचिंगला. इथे पल्ससाठी बनवलेला पॉलिप्रॉपिलीनच हवा. पॉलिएस्टर आकाराने लहान मिळतो, पण त्यात लॉस कितीतरी जास्त, त्यामुळे तो तापतो.

लांब लीड ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. एक सेंटिमीटर वायर म्हणजे ढोबळमानाने १० नॅनोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला ४००० अँपिअरने तुटत असेल, तर दोन्ही बाजूंच्या पाच-पाच सेंटिमीटर लीडवरच ४०० व्होल्ट उभे राहतात. ६०० व्होल्टच्या डीसी बसवर (इन्व्हर्टरच्या पुरवठ्याच्या लाइनवर) १२०० व्होल्टचा आयजीबीटी असेल तर १००० इथेच झाले! कपॅसिटर मॉड्यूलच्या टर्मिनलवरच स्क्रूने आवळा.

आरसी स्नबरमध्ये (कपॅसिटरच्या जोडीला रेझिस्टर) ‘मोठा कपॅसिटर बरा’ हेही खोटं. १० नॅनोफॅरड, ६०० व्होल्ट, २० किलोहर्ट्झ: CV²f (कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी) काढा, ७२ वॅट येतात आणि ते सगळे रेझिस्टरमध्ये जळतात. तो रेझिस्टर साधा वायरवाउंड नको, त्याचं इंडक्टन्स नडतं.

रिंगिंग (स्विचिंगनंतर व्होल्टेजचं थरथरणं) थांबत नसेल तर अंदाजाने कपॅसिटर बदलत बसू नका. डिफरन्शियल प्रोबच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन आखूड ठेवा, नाहीतर नसलेलं रिंगिंगही स्कोपवर दिसेल. स्नबर काढून, कमी व्होल्टेजवर, रिंगिंगची फ्रिक्वेन्सी नोंदवा. मग स्विचला समांतर छोटे कपॅसिटर वाढवत जा. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की जोडलेल्या कपॅसिटन्सचा तिसरा हिस्सा म्हणजे सर्किटचं स्वतःचं कपॅसिटन्स. जोडलेली किंमत स्नबरला सुरुवातीला वापरा. रेझिस्टरसाठी १ भागिले 2πfC. यात f मूळ फ्रिक्वेन्सी आणि C तो तिसरा हिस्सा.